दारफाळणीच्या दिवशी

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ ला, दसरा आणि गांधी जयंती एकाच दिवशी आले होते, २ ऑक्टोबरला. दुपारी मी शेजारच्या काकूंना आपट्याची पानं द्यायला गेले होते आणि तिथेच मोबाईलवर बातमी बघितली, इंग्लंडमधल्या मँचेस्टरमध्ये हीटन पार्कच्या सिनेगॉगवर, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळावर, हल्ला. ज्यूंचा योम किप्पुर होता, वर्षातला सगळ्यात पवित्र दिवस, कडक उपास. एकाने माणसांच्या अंगावर गाडी घातली, मग चाकू घेऊन आत घुसायला गेला, आणि रब्बाय, म्हणजे त्यांचे धर्मगुरू, आणि आणखी काही लोकांनी दार आतून दाबून धरलं म्हणून बाकीचे वाचले. दोघे गेले, त्यातला एक तर पोलिसांच्याच गोळीने, दार धरून उभा असताना. त्या रविवारी आमच्या चर्चमध्ये एका ताईंनी प्रार्थनेत ज्यूंचं नाव घेतलं आणि संध्याकाळपर्यंत मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर महाभारत पेटलं. एकाचं म्हणणं, इस्राएल देवाची निवडलेली प्रजा आहे, विषय संपला, खाली सात निळेपांढरे झेंडे. दुसऱ्याचं म्हणणं, गाझात लेकरं मरतायत आणि तुम्हाला ज्यूंचा पुळका कसला. तिसरा म्हणाला आधी मणिपूरसाठी प्रार्थना करा. चौथ्याने कुठलातरी रणगाड्याचा व्हिडिओ टाकला. शेवटी ॲडमिननी ग्रुप लॉक केला, आणि मँचेस्टरच्या त्या दोन माणसांबद्दल एक ओळसुद्धा कुणी लिहिली नव्हती.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते, मग काय शिव्या घालायच्या त्या घाला. ज्यूंसाठी प्रार्थना करायची, मोठ्याने करायची आणि तिला "पण" जोडायचा नाही. फक्त ती माणसांसाठी करायची. इस्राएल सरकार जिंकावं म्हणून नाही, शेवटच्या काळाचं टाईमटेबल पुढे सरकावं म्हणून नाही, आणि कुणीतरी मुसलमानांना धडा शिकवतंय या खुशीत तर मुळीच नाही. ग्रुपवर ज्या ज्यूवरून भांडण चाललं होतं तो ज्यू दोन्ही पार्ट्यांपैकी कुणीच बघितलेला नाही, एकाला तो बायबलच्या शेवटच्या, प्रकटीकरणाच्या पुस्तकातला हवाय आणि दुसऱ्याला टीव्हीवरच्या रणगाड्यातला. आणि गंमत अशी की हे सगळं चाललंय पुण्यात, जिथे आपल्यापैकी अर्धी जनता ससूनमध्ये जन्मली.

ससून कोण होता, विचारा कुणालाही. हॉस्पिटलच्या आधी तो माणूस होता, डेव्हिड ससून, बगदादचा ज्यू, तिथल्या दाऊद पाशाच्या जाचाला कंटाळून पळालेला, १८३२ च्या सुमाराला मुंबईत येऊन पोचलेला निर्वासित. (संत नव्हता हां, अफूच्या धंद्यात त्याने बख्खळ पैसा केला, तेही लक्षात असू द्या.) कॅम्पातलं लाल देऊळ, म्हणजे तिथलं सिनेगॉग, त्याचं, तिथल्याच आवारात त्याची कबर आहे. पण ससून तसा बाहेरचा. त्याच्या कितीतरी शतकं आधीपासून आपल्याकडे बेने इस्राएल आहेत, जुन्या कुलाबा, आताच्या रायगड जिल्ह्यातले ज्यू, तेल गाळणारे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं आणि सात जोडपी वाचली असं ते स्वतःबद्दल सांगतात. आडनावं बघा, पेणकर, दिवेकर, रोहेकर, चेऊलकर, किहीमकर, नकाशा काढून बसा. सणांची नावं पण अशीच, नव्याचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा सण. आणि योम किप्पुरला कोकणात ते म्हणायचे दारफाळणीचा सण. त्या दिवशी घराची दारं लावून घ्यायची, उपास करायचा, कुणाला शिवायचं नाही, बाहेर कुणाशी बोलायचं नाही.

मी हा शब्द पहिल्यांदा ऐकला तो माझ्या शाळेतल्या मैत्रिणीच्या आईकडून. मावशी रास्ता पेठेत राहायच्या, आता इस्राएलमध्ये बेर्शेबाला असतात मुलाकडे. त्यांच्याकडे मलिदा असला की आम्हाला बोलावणं असायचं, मोठ्या ताटात भिजवलेले पोहे, त्यात ओलं खोबरं, साखर, वेलची, वरून फळं, आणि एलियाहू हन्नाबीच्या, म्हणजे एलिया संदेष्ट्याच्या नावाने हिब्रूतलं गाणं, पण चाल ऐकली तर तुम्ही शपथेवर सांगाल की भजन चाललंय. त्या म्हणायच्या, आमची आजी दारफाळणीला कडी लावायची तेव्हा गावातली पोरं बाहेर गलका करत नसत, कुणी सांगायला लागायचं नाही, तेल्यांचा सण आहे म्हटलं की झालं. आता हे त्याच्या शेजारी ठेवून बघा. जर्मनीत हाले गावात २०१९ च्या योम किप्पुरला एक जण बंदूक घेऊन सिनेगॉगच्या दारावर गोळ्या झाडत होता, आत पन्नासेक माणसं, दार लाकडी पण मजबूत, ते फुटलं नाही. चिडून त्याने बाहेरच्या दोघांना मारलं. सहा वर्षांनी मँचेस्टरला तोच सण आणि परत दारच. कोकणातली कडी देवासाठी लावलेली होती, ही माणसांच्या भीतीने लावायची वेळ आली. मला वाटतं ज्यूद्वेष म्हणजे काय हे समजायला एवढं पुरे.

आता समोरच्या बाजूचा सगळ्यात जड मुद्दा, आणि तो मी अर्धवट मांडणार नाही. ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासने साधारण बाराशे माणसं मारली, अडीचशेवर ओलीस नेली, आणि त्यानंतर इस्राएलने गाझात जे केलं त्यात हजारोंनी, दहा-दहा हजारांनी माणसं मेली, त्यात लहान मुलं किती. आम्हा ख्रिस्ती लोकांना तर यातून पळवाटच नाही कारण गाझात आमची माणसं आहेत, सेंट पॉर्फिरिअस चर्चच्या आवारात आसरा घेतलेले लोक त्याच महिन्यात बॉम्बखाली गेले, आणि होली फॅमिली चर्चवर जुलै २०२५ मध्ये गोळा पडला तेव्हा तिघं मेले. पोप फ्रान्सिस आजारी असतानासुद्धा त्या चर्चला फोन लावत होते. नेतान्याहूंवर आंतरराष्ट्रीय फौजदारी कोर्टाचं अटक वॉरंट आहे. हे सगळं खरं आहे आणि ज्याला यावर बोलायचंय त्याने बोलावं, घसा फुटेपर्यंत बोलावं. माझा प्रश्न एवढाच, की हा राग कुठे जाऊन पडतोय? मँचेस्टरचं सिनेगॉग म्हणजे काय इस्राएलची संसद आहे का? तिथल्या म्हाताऱ्याने गाझावर मतदान केलं होतं का?

आपल्याला महाराष्ट्रात हे कुणी शिकवायची गरज नाही खरं तर. ३० जानेवारी १९४८ ला गोळी झाडली एका माणसाने, आणि वाडे कुणाचे जळले? कोल्हापूर, सातारा, सांगली, गावोगाव ब्राह्मणांची घरं पेटवली, ज्यांनी नथुरामचं नावसुद्धा आदल्या दिवशी ऐकलं नव्हतं त्यांची. १९८४ ला दिल्लीत शीख. प्रत्येक बॉम्बस्फोटानंतर मोहल्ल्यातला टेलर, बेकरीवाला, ज्याने काहीच केलेलं नसतं तो मान खाली घालून चालतो. २००३ ला अमेरिकेने इराकवर बॉम्ब टाकले तेव्हा माझ्या वडिलांना ऑफिसात एक साहेब हसत हसत म्हणाले, "काय हो, तुमच्या लोकांनी काय चालवलंय?" वडील अहमदनगर जिल्ह्यातले, तीन पिढ्या मराठी शाळेत मास्तरकी, त्यांचे लोक म्हणजे कोण, जॉर्ज बुश? ते काही बोलले नाहीत, घरी येऊन जेवले पण नाहीत. ज्याला हे एकदा झालंय त्याने तरी दुसऱ्याला "आधी गाझाचा निषेध कर, मग तुझ्यासाठी प्रार्थना करतो" म्हणू नये.

बरं, ज्यू म्हणजे इस्राएल सरकार असं ज्यांना वाटतं त्यांनी आपल्याच बेने इस्राएलांची गोष्ट वाचावी. इस्राएल झाल्यावर यातले हजारो तिकडे गेले, आणि तिकडच्या मुख्य रब्बायांनी काय केलं, तर हे खरे ज्यू आहेत का नाहीत याची चौकशी लावली, लग्नाला परवानगी हवी तर आजी-पणजीपर्यंत खानदान दाखवा. १९६२ ते ६४ या लोकांनी त्याविरुद्ध आंदोलन केलं, बायकापोरांसकट जेरुसलेममध्ये धरणं धरून बसले, आणि शेवटी १९६४ ला तिथल्या संसदेला सांगावं लागलं की हे पूर्ण ज्यू आहेत. म्हणजे इस्राएलच्या सत्तेशी भांडायचं कसं हे आपल्या कोकणी ज्यूंना आपल्यापेक्षा जास्त माहितीय. मावशींच्या घरातच दोन मतं आहेत, मुलगा सरकारच्या बाजूने, सून तेल अव्हिवच्या मोर्च्यात. आणि जून २०२५ मध्ये इराणची मिसाईलं बेर्शेबावर पडली, तिथलं सोरोका हॉस्पिटल फुटलं, तेव्हा दोघंही एकाच बंकरमध्ये बसले होते, सासूच्या गुडघ्यांना मूव्ह चोळत.

मग म्हणतात, हे सगळं इस्राएलमुळेच सुरू झालं, इस्राएल नसता तर ज्यूंशी कुणाचं काय वैर. १३४९ साली स्ट्रासबर्गमध्ये ज्यूंना जिवंत जाळलं ते प्लेग त्यांनी विहिरीत विष टाकून आणला म्हणून, आणि प्लेग तेव्हा त्या गावात अजून पोचलासुद्धा नव्हता. १९०३ ला किशिनेव्हमध्ये दंगल झाली ती एका पोराच्या खुनाच्या अफवेवरून, पन्नासच्या आसपास माणसं मारली. जून १९४१ ला खुद्द बगदादमध्ये, ससूनच्या गावात, दोन दिवसांत शंभराच्या वर ज्यू मेले. इस्राएल जन्माला यायला अजून सात वर्षं होती. कारण दर वेळी नवीन असतं, विहीर, पोरगं, व्याज, आता गाझा, आणि दर वेळी सांगणाऱ्याला मनापासून वाटतं की आपलं कारण मात्र खरं आहे. गाझामुळे द्वेष वाढला हे मला मान्य आहे. पण वाढायला आधी बी लागतं ना?

हेही कबूल करते की "ज्यूद्वेष" हा शब्द ढाल म्हणून वापरला जातो. इस्राएलच्या बॉम्बवर बोललं की लगेच तुम्ही ज्यूद्वेष्टे, असं म्हणून तोंड बंद करणारे आहेत, त्यात राजकारणी जास्त. त्याने नुकसान ज्यूंचंच होतं, लांडगा आला रे आला होतं, खरा लांडगा दाराशी आला की कुणी उठत नाही. फरक ओळखायला फार अक्कल लागत नाही. जे बोलणं सैन्याबद्दल, मंत्र्याबद्दल, वसाहतींबद्दल आहे ते राजकारण, ते इस्राएली लोक स्वतःच रस्त्यावर उतरून करतात. आणि जे बोलणं "हे लोक असेच" वर येऊन थांबतं, पैसा, मीडिया, जगावर कब्जा, ते तेच जुनं विहिरीतलं विष.

आता आमच्या झेंडेवाल्या बंधूंकडे येते कारण त्यांना वाटत असेल ही बाई आपल्या बाजूची आहे. भावांनो, ज्या ग्रुपवर तुम्ही सात झेंडे लावलेत त्याच ग्रुपवर मार्चमध्ये तुमच्यातल्याच एकाने लिहिलं होतं, "या देशाला एक हिटलर पाहिजे." कुणाला काही वाटलं नाही, चार अंगठे आले. हिटलरचं पुस्तक मराठीत फुटपाथवर मिळतं, एमपीएससीच्या गाईडशेजारी, व्यक्तिमत्त्व विकासाच्या पुस्तकांत. २००६ ला खारघरला हिटलरच्या नावाने हॉटेल निघालं, मुंबईच्या ज्यूंनी आवाज उठवला तेव्हा कुठे नाव बदललं. इस्राएल आवडतो आणि हिटलर पण आवडतो, हे एकाच डोक्यात राहतंच कसं? राहतं, कारण दोन्हीकडे आवडते ती लाथ, खाणारा कोण याच्याशी देणंघेणं नाही. आणि जे भविष्यवाणीसाठी प्रार्थना करतात त्यांच्या हिशेबात ज्यूंचं शेवटी काय होतं तेही एकदा वाचा, एक तर बाप्तिस्मा नाहीतर नाश. ज्याच्यासाठी प्रार्थना करतो त्याचा असा शेवट मनात धरून कोण प्रार्थना करतं? बायबलात प्रेषित पौलाने रोमकरांना लिहिताना जैतुनाच्या कलमाचा दाखला दिला. आपल्याकडे रायवळाच्या खुंटावर हापूसची काडी बांधतात, पौलाने मुद्दाम उलटं सांगितलं, झाड बागेतलं आणि काडी रानातली, ती रानातली काडी म्हणजे आपण, मूळ म्हणजे ज्यू, आणि मुळापुढे मिरवू नका. मुळाला आपण आजवर काय दिलं तेही बोलू. गार्सिया द ओर्ता, गोव्यातला मोठा वैद्य, आपल्याकडच्या औषधी वनस्पतींवर त्याने १५६३ साली गोव्यात ग्रंथ छापला, मुंबई बेट एकेकाळी त्याच्याकडे भाड्याने होतं. जन्माने ज्यू घराण्यातला, वरून ख्रिस्ती. तो मेल्यावर दुसऱ्याच वर्षी गोव्याच्या इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, त्याच्या बहिणीला जाळलं, आणि १५८० मध्ये त्याची स्वतःची हाडं उकरून काढून जाळली. "भारतात ज्यूंना कधी त्रास झाला नाही" हे वाक्य आपण छाती फुगवून म्हणतो ना, हिंदू राजांच्या आणि गावकऱ्यांच्या बाबतीत ते बरंचसं खरं आहे, पण आम्ही ख्रिस्ती लोकांनी ते म्हणताना जरा हळू म्हणावं. आणि आम्ही प्रॉटेस्टंटांनी कॅथलिकांकडे बोट दाखवू नये, आपल्या पंथाच्या मूळपुरुषाने, ल्यूथरने, १५४३ ला सिनेगॉग जाळा असं लिहून ठेवलंय. निदान व्हॅटिकनने १९६५ ला अधिकृत कागदावर म्हटलं की येशूच्या मरणाचा दोष सगळ्या ज्यूंवर टाकता येणार नाही. एवढं म्हणायला एकोणीसशे वर्षं लागली.

तसं पण "भारतात नाही" हे २००८ नंतर कुणी म्हणू नये. २६/११ ला दहशतवादी कुलाब्याच्या एका गल्लीतलं ज्यूंचं केंद्र, नरिमन हाऊस, शोधत गेले, ताज सगळ्या जगाला माहीत, ही गल्ली मुंबईकराला माहीत नव्हती. रब्बाय होल्त्झबर्ग, त्यांची बायको, एकूण सहा जण मारले. दोन वर्षांचा मोशे वाचला तो सँड्रा सॅम्युएल या त्याच्या आयामुळे, ती खाली लपली होती, पोराचं रडणं ऐकून वर गेली. दीड वर्षाच्या आत पुण्यात जर्मन बेकरी उडाली, १७ माणसं, आणि पलीकडेच खबाद हाऊस, तेही ज्यूंचं केंद्र, २६/११ ची टेहळणी करणाऱ्या हेडलीने त्याची पाहणी करून ठेवलेली. तेव्हापासून लाल देवळाच्या गेटवर पोलीस आहे. कॅम्पात खरेदीला जाताना रोज दिसतो, खुर्ची टाकून बसलेला, आणि आपल्याला आता तो देवळाचाच भाग वाटतो.

राहिला प्रश्न, प्रार्थनेने होतं काय. हा प्रश्न मी स्वतःलाही विचारते. १९३८ च्या नोव्हेंबरमध्ये जर्मनीत एका रात्रीत शेकडो सिनेगॉग जळली, दोन आठवड्यांनी गांधीजींनी हरिजनमध्ये लेख लिहिला. माझी सगळी सहानुभूती ज्यूंबरोबर आहे असं म्हणाले, मनापासून म्हणाले, आणि मग जर्मनीतल्या ज्यूंना सत्याग्रह करायचा सल्ला दिला. मार्टिन बूबर हा ज्यू विचारवंत गांधींना मानणारा, त्याने पुढच्या वर्षी लांबलचक उत्तर लिहिलं, छावणीतल्या माणसाचा सत्याग्रह बघणार कोण, असा त्याचा सूर होता. गांधींएवढा माणूस चुकला कारण तो लांबून बोलत होता. आमची प्रार्थनाही लांबूनच असते. म्हणून मला ती सोडून द्यावीशी वाटत नाही, जवळ न्यावीशी वाटते. स्तोत्रात यरुशलेमच्या शांतीसाठी प्रार्थना करा म्हटलंय, आणि त्या गावात अक्सा मशीद पण आहे आणि आर्मेनियन पण राहतात, शांती काय गल्ली बघून येणार? त्यामुळे माझ्या प्रार्थनेत गाझाचं चर्च पण असतं. पण ते मँचेस्टरची किंमत म्हणून नसतं, त्याचं त्याचं असतं, आणि मणिपूरचंही तसंच.

जवळ जाणं कसं असतं त्याची दोन उदाहरणं. डिसेंबर २०२५, सिडनीचा बॉन्डाय बीच, हनुक्का या ज्यू सणाचा कार्यक्रम, बाप आणि मुलाने गोळीबार केला, १५ माणसं मेली. तिथे अहमद अल-अहमद नावाच्या, सीरियात जन्मलेल्या दुकानदाराने मागून जाऊन एकाच्या हातातली बंदूक हिसकावली, स्वतः गोळ्या खाल्ल्या. त्याने आधी कुणाला गाझाबद्दल मत विचारलं नाही. आणि २०१५ च्या फेब्रुवारीत ऑस्लोला, कोपनहेगनच्या सिनेगॉगवर हल्ला झाल्यावर आठवड्याभरात, तिथल्या मुसलमान पोरापोरींनी हाक दिली, सिनेगॉगपुढे कडं केलं, आणि हजारावर माणसं त्यांच्याबरोबर थंडीत उभी राहिली.

एवढं काही आपल्याला जमणार नाही. मावशींना फोन केला तर त्या म्हणाल्या, "गर्दी करू नका गं बाई, पोलीस घाबरतील, आधी त्यांना विचार." विचारलंय. या वर्षी दारफाळणी ऐन गणपतीत येते, २१ सप्टेंबर, सोमवार. सुरू होते रविवारी संध्याकाळी, सूर्य मावळताना. आमची संध्याकाळची उपासना साडेपाचला सुटते, तिथून लाल देऊळ चालत पंधरा मिनिटं. झेंडा नाही, बॅनर नाही, फोटो काढायचा नाही, आत जायचं नाही, लोक आत जाईपर्यंत समोरच्या फुटपाथवर उभं राहायचं आणि दार लागलं की घरी यायचं. आतापर्यंत चौघं येतो म्हणालेत, त्यात गाझावरून भांडणारा पण आहे. त्या खुर्चीवरच्या पोलिसासाठी थर्मासमध्ये चहा मी आणतेय.